सुधारत असलेल्या मॅनेजरला काढणं: साउथॅम्प्टन, जानेवारी २०१३

प्रश्न असा आला आहे: साउथॅम्प्टन या इंग्लिश फुटबॉल क्लबने जानेवारी २०१३ मध्ये मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) नायजेल ॲडकिन्सला काढलं तेव्हा संघ स्पष्टपणे सुधारत होता. त्याच्या जागी मौरिसियो पोचेत्तिनो आला आणि पुढच्या हंगामात संघ आठवा आला. म्हणजे काढलं ते बरोबरच ठरलं ना?

यातला ‘ठरलं’ मला खटकतो. निर्णय घेतला त्या दिवशी आठवा क्रमांक कुणाच्या खिशात नव्हता. पत्ते उघडल्यावर डाव सगळ्यांनाच समजतो.

आधी एक कबुली. मी कोल्हापुरात वीसहून अधिक वर्षं फुटबॉल शिकवतोय, शाळेच्या पोरांना आणि पेठांतल्या वरिष्ठ संघांनाही. एकदा मलाही भर हंगामात, संघ वर चाललेला असताना, नारळ मिळालेला आहे. तेव्हा या विषयात मी काही तटस्थ पंच नाही. तरीही माझं उत्तर ‘निर्णय बरोबर होता’ असंच आहे. मात्र त्याचं कारण आठवा क्रमांक नाही.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साउथॅम्प्टन म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बंदर. भारत-न्यूझीलंड कसोटी अजिंक्यपदाची २०२१ ची अंतिम लढत झाली तेच गाव. तिथला क्लब २००९ मध्ये आर्थिक डबघाईला आला होता. दहा गुणांचा दंड बसला होता आणि संघ तिसऱ्या पातळीवर, लीग वनमध्ये घसरला होता. मार्कुस लीबहेर या उद्योगपतीने तो विकत घेतला. (क्रेन आणि फ्रिजवाल्या लीबहेर घराण्यातलाच. त्या फ्रिजचा कारखाना आपल्या शेंद्रा एमआयडीसीत आहे.) कारभार निकोला कोर्तेसे या बँकरकडे. चेअरमन म्हटलं की आमच्याकडे साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. कोर्तेसेचा तोराही साधारण तसाच. ऑगस्ट २०१० मध्ये लीबहेर वारले आणि त्याच महिन्याच्या शेवटी कोर्तेसेने ॲलन पार्ड्यू या मॅनेजरला काढलं. दोनच दिवसांपूर्वी संघाने ब्रिस्टल रोव्हर्सला त्यांच्याच मैदानावर ४-० असं धुतलं होतं. म्हणजे सामना जिंकला की माणूस सुरक्षित, हा हिशेब या क्लबात आधीपासूनच नव्हता.

पार्ड्यूच्या जागी ॲडकिन्स आला. मूळचा गोलरक्षक, नंतर स्कंथॉर्प या छोट्या क्लबचा फिजिओ. २००६ मध्ये तिथला मॅनेजर दुसऱ्या क्लबात गेला तेव्हा या फिजिओलाच खुर्चीवर बसवलं, आणि त्याने त्याच हंगामात संघ दुसऱ्या पातळीवर नेला. तिथले प्रेक्षक नामवंत मॅनेजर मोरिन्योपेक्षा आमचा फिजिओच बरा, अशा अर्थाच्या घोषणा द्यायचे. साउथॅम्प्टनला त्याने लागोपाठ दोन हंगामांत दोन बढत्या मिळवून दिल्या. २०११ मध्ये लीग वनमधून चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पातळीवर, आणि २०१२ मध्ये तिथून सर्वांत वरच्या प्रीमियर लीगमध्ये. तालमीच्या भाषेत सांगायचं तर मातीतल्या पोराला दोन वर्षांत मोठ्या गटाच्या कुस्तीला उभं केलं.

आणि मग प्रीमियर लीगने कानाखाली वाजवली. पहिल्या चार सामन्यांत मँचेस्टर सिटी, मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनल हे तिघं. सिटीच्या मैदानावर साउथॅम्प्टन २-१ ने पुढे होता, हरला ३-२. युनायटेडविरुद्ध ८७ व्या मिनिटापर्यंत २-१ ने पुढे होता. रॉबिन व्हॅन पर्सीने तेव्हा एक आणि भरपाई वेळेत आणखी एक मारून सामना काढून नेला. आर्सेनलकडून ६-१. पहिल्या दहा सामन्यांत चार गुण आणि अंगावर अठ्ठावीस गोल. तेव्हा काढलं असतं तर इंग्लंडात कुणाला आश्चर्य वाटलं नसतं.

पण तेव्हा काढलं नाही. पुढचा सामना १० नोव्हेंबरला स्वॉन्झीशी. त्या दिवशी ॲडकिन्सने डाव्या बगलेवर सतरा वर्षांच्या ल्यूक शॉला लीगमध्ये पहिल्यांदाच सुरुवातीपासून उतरवलं. तो सामना १-१ सुटला आणि गाडी रुळावर आली. पुढे क्वीन्स पार्क रेंजर्स, न्यूकॅसल, रेडिंग आणि ॲस्टन व्हिला यांना हरवलं. आर्सेनलशी बरोबरी केली. स्वॉन्झीपासूनच्या बारा सामन्यांत चार विजय, सहा बरोबऱ्या, फक्त दोन पराभव. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, म्हणजे अठरा गुण. अंगावर बारा गोल, म्हणजे सामन्याला एक. आधी हेच प्रमाण जवळपास तीन होतं. हा फरक योगायोगाने पडत नाही. बचावफळी कुणीतरी रोज सकाळी उभी करून, शिट्टी मारून, पुन्हा पुन्हा हलवली असणार. सगळ्या कामात हे काम सर्वांत कंटाळवाणं असतं, आणि त्याची बातमी कधी होत नाही.

बाराव्या सामन्याची रात्र जरा जवळून बघू. १६ जानेवारी, चेल्सीचं मैदान स्टॅमफर्ड ब्रिज. मध्यंतराला चेल्सी २-० ने पुढे. इथे बहुतेक नवखे संघ तीन-चार गोल खाऊन बसने घरी जातात. ॲडकिन्सने उत्तरार्धात बाकावरच्या रिकी लॅम्बर्टला उतरवलं, त्याने डोक्याने गोल केला. मग जेसन पंचनने बरोबरी साधली. २-२. बावीस सामन्यांत बावीस गुण, पंधरावा क्रमांक, धोक्याच्या रेषेपासून (शेवटचे तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात) तीन गुण वर. हा बुधवार. शुक्रवारी, १८ तारखेला, ॲडकिन्सला घरी पाठवलं आणि त्याच दिवशी पोचेत्तिनोचं नाव जाहीर झालं. त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं, पत्रकारांपुढे दुभाषा घेऊन बसायचा. आदल्या नोव्हेंबरमध्ये त्याने एस्पान्योल सोडलं तेव्हा तो संघ स्पॅनिश लीगच्या तळाशी होता. म्हणजे कागदावर बघितलं तर चढता माणूस काढून उतरता माणूस आणला. १९७६ मध्ये साउथॅम्प्टनला एफए कप ही इंग्लंडची बाद फेरीची मोठी स्पर्धा जिंकून देणारे जुने मॅनेजर लॉरी मॅकमेनेमी उघडपणे म्हणाले की या माणसाला आपला खेळ काय ठाऊक? सोमवारी एव्हर्टनविरुद्धच्या सामन्याला काही प्रेक्षकांनी पांढरे रुमाल फडकवून निषेध केला.

आता आकडे. ‘पोचेत्तिनो आला आणि संघ बदलला’ असं सांगणारे इथे सहसा घाई करतात. त्या हंगामातले उरलेले सोळा सामने पोचेत्तिनोकडे होते. चार विजय, सात बरोबऱ्या, पाच पराभव. एकोणीस गुण. वीस गोल खाल्ले. ॲडकिन्सच्या शेवटच्या बारा सामन्यांत सामन्याला दीड गुण पडत होता. पोचेत्तिनोच्या सोळांत सव्वाही पडला नाही. हंगाम संपला तेव्हा साउथॅम्प्टन ४१ गुणांवर चौदावा होता. अठरावा आलेला विगन ३६ वर बुडाला. पंधराव्यावरून चौदावा, एवढंच. ॲडकिन्स राहिला असता तरी संघ वाचला असता, यावर मी पैज लावायला तयार आहे.

तेव्हा ‘निकालांनी निर्णय बरोबर ठरवला’ हे म्हणणं निदान मे २०१३ पर्यंत तरी खोटं आहे.

आणखी एक गोष्ट. क्लब सहसा माणूस काढतात तो खड्ड्याच्या तळाशी. पाच-सहा पराभव झाले की काढतात, नवा माणूस येतो, दोन सामने जिंकतो आणि चेअरमन छाती फुगवतो. त्या दोन विजयांत नव्या माणसाचा हात अनेकदा कमीच असतो. खड्ड्याचा तळ गाठला की संघ तसाही थोडा वर येतोच. दुखापतीतले परततात, कार्यक्रम सोपा होतो, बारला लागून बाहेर जाणारे चेंडू आत जायला लागतात. ताप उतरणीला लागल्यावर डॉक्टर बदलला की नव्या डॉक्टरचं नाव होतं, तसं. कोर्तेसेने हा फुकटचा फायदा स्वतःहून सोडून दिला. लाट वर असताना माणूस बदलला, म्हणजे पुढचे निकाल आधीच्यापेक्षा फिके दिसण्याचीच शक्यता जास्त, आणि झालंही तसंच. मला यातून एकच दिसतं: तो घाबरून वागला नव्हता. घाबरलेल्या माणसाने ऑक्टोबरमध्येच काढलं असतं.

मग काय बघून काढलं? इथे माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय मला हे नीट सांगता येत नाही.

संघाचं नाव नको. पहिल्या चार सामन्यांत आमचे तीन पराभव आणि एक बरोबरी. पुढच्या सहांत एकही पराभव नाही. दोन विजय, चार बरोबऱ्या. शेवटची बरोबरी शाहू स्टेडियमवर एका तगड्या संघाशी, ०-०. पेठेत फटाके वाजले नाहीत, पण शिव्याही पडल्या नाहीत; आमच्याकडे हे कौतुकच समजायचं. दोन दिवसांनी मंडळाच्या कारभाऱ्यांनी चहाला बोलावलं. कप अर्धा झाल्यावर म्हणाले, “सर, पोरं चांगली तयार केलीसा. आता जरा दुसऱ्या माणसाला बघू दे.” मी उरलेला चहा प्यालो आणि गाडीला किक मारली. महिनाभर त्या रस्त्यानेही गेलो नाही.

महिन्याने गेलो. सरळ सांगायचं तर चुका बघायला गेलो. शेंगदाण्याची पुडी घेतली आणि सरावाच्या वेळी कडेला जाऊन बसलो. नवा माणूस माझ्याहून दहा वर्षांनी लहान, फारसा न बोलणारा. आठ विरुद्ध आठचा खेळ चालला होता. आमच्या एका पोराच्या पायातून चेंडू निसटला आणि मला दिसलं की तो पोरगा, त्याच्या शेजारचा आणि त्याच्या मागचा असे तिघंही पुढे धावले. चेंडू ज्याच्याकडे गेला त्याच्या अंगावर. मागची चौकडीही पंधरा पावलं वर सरकली. माझ्या काळात चेंडू गेला की मी कडेवरून एकच ओरडायचो, “मागं या, मागं या!” पोरं मागं यायची, दोन ओळी करायची, समोरच्याला वाट सापडायची नाही. म्हणून तर आम्ही हरायचं थांबलो होतो. पण चेंडू परत मिळायचा तो आमच्याच गोलच्या तोंडाशी, आणि तिथून समोरचा गोल साठ-सत्तर मीटर लांब. तेवढं अंतर तोडेपर्यंत समोरचे नऊ जण परत आलेले असायचे. आमच्या चार बरोबऱ्या त्यातून आल्या होत्या. मी त्यांना प्रगती म्हणत होतो, आणि ती होतीच. पण त्या पद्धतीने आम्ही त्याहून वर जाणार नव्हतो. पुढचा एक अख्खा हंगाम मला दिला असता तर मी आणखी चार बरोबऱ्या आणल्या असत्या.

त्या वर्षी नव्या माणसाचे निकाल माझ्यापेक्षा बरे नव्हते. पोरांच्या पायात तेवढा दम नव्हता. सत्तराव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि दोन सामने त्यांनी शेवटच्या दहा मिनिटांत घालवले. पेठेत लोक मला भेटून म्हणायचे, सर, तुम्हीच बरे होता. ऐकायला गोड वाटायचं. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर त्याने सहा आठवडे नुसती तयारी करून घेतली आणि संघ माझ्या कुठल्याही वर्षापेक्षा वर गेला.

संघ अडचणीतून किती बाहेर आला, हे चढत्या आलेखावरून कळतं. तो कुठवर जाईल, हे त्यावरून कळत नाही. ते बघायचं तर गुणतालिका बाजूला ठेवून मैदानावर बघावं लागतं: चेंडू गेल्यावर पहिली दोन पावलं कुठे पडतात, बचावफळी कुठल्या रेषेवर उभी आहे, चेंडू परत मिळतो तो कुठे. ॲडकिन्सच्या संघाने त्या बारा सामन्यांत गोल खाणं थांबवलं, हे मोठंच काम. पण जिंकले ते चारच. सहा बरोबरीत सुटले. वरच्या संघांशी खेळताना लॅम्बर्टच्या डोक्यावर आणि ॲडम लल्लानाच्या पायांवर भिस्त.

पोचेत्तिनो दुसऱ्या मुशीतला. खेळाडू म्हणून तो मार्सेलो बिएल्सा या प्रशिक्षकाच्या हाताखाली घडलेला. चेंडू गेला की तो तिथल्या तिथे, समोरच्याच्या अंगणात परत घ्यायचा, हा त्या घराण्याचा पहिला धडा. एस्पान्योलमध्ये त्याच्या हातात पैसा नव्हता म्हणून त्याने क्लबच्याच अकादमीतली पोरं उतरवली. आणि साउथॅम्प्टनची ठेव कुठली, तर अकादमीच. थिओ वॉलकॉट, गॅरेथ बेल हे नामवंत खेळाडू तिथलेच. शॉ आणि जेम्स वॉर्ड-प्राउझ तेव्हा दारातून आत येत होते. (त्यांना संधी ॲडकिन्सनेच दिली होती, हे विसरू नये. वॉर्ड-प्राउझ सतराव्या वर्षी हंगामाच्या पहिल्याच सामन्यात सिटीविरुद्ध उतरला.) कोर्तेसेने बघितलं ते हे, असं मला वाटतं: तरुण, पळणारी, एकाच अकादमीत वाढलेली पोरं हाताशी आहेत, आणि त्यांच्याकडून हाच खेळ करून घेणारा माणूस नोव्हेंबरपासून मोकळा बसला आहे.

त्या सोळा सामन्यांतही याच्या खुणा दिसतात. सेंट मेरीज या घरच्या मैदानावर साउथॅम्प्टनने गतविजेत्या सिटीला ३-१, लिव्हरपूलला ३-१ आणि चेल्सीला २-१ हरवलं. दोन महिन्यांत तिन्ही. आणि मध्येच तळाच्या क्वीन्स पार्क रेंजर्सकडून घरच्याच मैदानावर हार. वरच्या संघांना चेंडू मागून खेळत बाहेर काढायचा असतो, त्यांच्या अंगावर धावून गेलं की ते गडबडतात. तळाचे संघ चेंडू लांब भिरकावून देतात, मग अंगावर जायचं कुणाच्या? अर्धवट शिकलेल्या प्रेसिंगचा, म्हणजे चेंडू गेल्या गेल्या अंगावर धावून तो परत घेण्याच्या खेळाचा, निकाल असाच येतो, कधी आभाळात, कधी चिखलात. मी आमच्या पोरांत अगदी हेच बघितलं होतं.

उन्हाळ्याची तयारी झाल्यावर २०१३-१४ च्या पहिल्या अकरा सामन्यांत साउथॅम्प्टनचे बावीस गुण झाले. आदल्या वर्षी ॲडकिन्सला तेवढ्यासाठी बावीस सामने लागले होते. अकरा सामन्यांत गोल खाल्ले पाच, आणि नोव्हेंबरमध्ये संघ तिसऱ्या क्रमांकावर होता. यातलं सगळं श्रेय पोचेत्तिनोचं नाही. देयान लोव्रेन आणि व्हिक्टर वान्यामा त्या उन्हाळ्यात आले होते, दानी ओस्वाल्दोवर तर भरमसाट पैसा ओतला होता. तेवढा पैसा ॲडकिन्सला दिला असता तर? तो दहावा-अकरावा आला असता, असा माझा अंदाज. तिसरा दिसला नसता, डिसेंबरपर्यंत सुद्धा नाही.

आता उलट बाजूची दोन उदाहरणं, कारण ‘मग काय, सुधारत असलेल्याला काढायचंच’ असा अर्थ कुणी काढू नये.

पहिलं आपल्या घरचं. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतलं. कोंबडी-अंड्यांचा धंदा करणारं पुण्यातलं घराणं प्रीमियर लीगचा क्लब घेतंय म्हटल्यावर आम्हा फुटबॉलवाल्यांना कोण आनंद झाला होता. मॅनेजर होता सॅम ॲलरडाइस. डिसेंबर २००८ मध्ये संघ एकोणिसावा असताना तो आला, त्या वर्षी पंधराव्यावर नेऊन वाचवला, पुढच्या वर्षी दहावा आणला. खेळ बघायला रुक्ष, पण आलेख सरळ वर. १३ डिसेंबर २०१० ला, संघ तेराव्या क्रमांकावर असताना, त्याला काढलं. जागा दिली त्याच्याच हाताखालच्या स्टीव्ह कीनला, ज्याने तोवर कुठल्याही मोठ्या संघाचं मॅनेजरपद सांभाळलेलं नव्हतं. मे २०१२ मध्ये विगनकडून घरच्या मैदानावर हरून ब्लॅकबर्न खालच्या लीगमध्ये गेला. त्या संध्याकाळी कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली होती. पुढच्या एका हंगामात तिथे इतके मॅनेजर आले-गेले की एक सत्तावन्न दिवस टिकला आणि एक सदुसष्ट. २०१७ मध्ये संघ आणखी एक पायरी खाली, लीग वनमध्ये. १९९५ चा विजेता क्लब! मी २०११ मध्ये त्यांना बालेवाडीला बघितलं होतं, पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला आले होते. आसपासची पोरं त्यांच्या जर्सी घालून आली होती. त्यातली किती आता ती जर्सी घालत असतील कोण जाणे.

दुसरं उदाहरण साउथॅम्प्टनच्याच हिवाळ्यातलं. २६ डिसेंबर २०१२ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टने लीड्सला ४-२ हरवलं आणि त्याच संध्याकाळी मॅनेजर शॉन ओड्रिस्कॉलला काढलं. संघ चॅम्पियनशिपमध्ये आठवा, बढतीसाठीच्या प्ले-ऑफ सामन्यांच्या जागेपासून एका गुणावर. दुसऱ्याच दिवशी ॲलेक्स मॅक्लीश आला. चाळीस दिवसांत तोही गेला.

या दोन्ही ठिकाणी आणि साउथॅम्प्टनमध्ये फरक काय? नशीब थोडं आहेच. पण मला कुणी मंडळाच्या बैठकीत विचारलं, तर मी कारभाऱ्यांना एकच प्रश्न करतो: नवा माणूस काय करेल जे या माणसाला जमत नाही? उत्तर मैदानावरच्या भाषेत द्यायचं. ‘नवा जोश आणेल’, ‘नाव मोठं आहे’, ‘आमच्या विचारांशी जुळतो’ ही उत्तरं चालणार नाहीत. कोर्तेसे उत्तर देऊ शकला असता: बचावाची रेषा वर घेईल, चेंडू पुढच्या भागात परत मिळवेल, अकादमीतली पोरं त्या साच्यात बसवेल. ब्लॅकबर्नच्या मालकांकडे ॲलरडाइस का नको याची कारणं असतील, पण कीन का हवा याचं मैदानावरचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. फॉरेस्टच्या मालकांना अनुभवी नाव हवं होतं. ते मिळालं, चाळीस दिवसांपुरतं.

वेळेबद्दल मात्र मी बराच काळ कोर्तेसेच्या विरोधात होतो. प्रेसिंग भर हंगामात शिकवता येत नाही. आठवड्याला सामना असताना पायात दम भरायला गेलात की शनिवारी पाय जड. मग जानेवारीत का? मेपर्यंत थांबायचं, ॲडकिन्सला टाळ्यांच्या गजरात निरोप द्यायचा, आणि नव्याला पूर्ण उन्हाळा द्यायचा. कागदावर हे सगळ्यांत शहाणपणाचं दिसतं. पण दोन गोष्टी आड येतात. एक, जानेवारीत मोकळा असलेला चांगला माणूस मेमध्ये मोकळा असेल याची हमी कुणी देत नाही. दुसरी गोष्ट मला त्या नव्या पोरसवद्या प्रशिक्षकानेच पुढे कधीतरी सांगितली: “सर, ते तीन महिने मी काही शिकवलंच नाही. कोण पळतोय आणि कोण पळायचं नाटक करतोय, एवढंच बघितलं.” पोचेत्तिनोला त्या सोळा सामन्यांत हेच मिळालं असणार. जूनमध्ये खरेदीची यादी करताना त्याला स्वतःचा संघ माहीत होता. म्हणून जानेवारीलाही मी आता चूक म्हणत नाही. फक्त जुगार म्हणतो, आणि धोक्याची रेषा तीन गुणांवर असताना तो मोठा होता.

पद्धत मात्र वाईटच. दोन बढत्या देणाऱ्या माणसाला चेल्सीशी बरोबरी केल्यानंतर दोन दिवसांत उठवायचं, ही रीत नाही. आमच्या कारभाऱ्यांनी निदान चहा पाजला.

प्रश्नाचा उरलेला भाग असा होता की ॲडकिन्सवर अन्याय झाला का. झाला. आणि मला हे विसंगत वाटत नाही. क्लबसाठी बरोबर असलेला निर्णय माणसासाठी अन्यायाचा असू शकतो, आणि हा होता. ॲडकिन्स दोन महिन्यांत रेडिंगला गेला. तिथेही मजा बघा: रेडिंगने ब्रायन मॅकडरमॉटला मार्चमध्ये काढलं होतं, आणि जानेवारीचा ‘महिन्याचा सर्वोत्तम मॅनेजर’ हा किताब त्यालाच मिळालेला होता. ॲडकिन्सला वाचवायला बोलावलं तो संघ तोवर अर्धा बुडालेला. ६ एप्रिलला रेडिंगच्या मैदानावर सामना होता साउथॅम्प्टनशी. एका बाकावर पोचेत्तिनो, दुसऱ्यावर ॲडकिन्स, आणि मैदानात त्यानेच दोन पायऱ्या वर आणलेली पोरं. जे रॉड्रिगेझने एक गोल केला, लल्लानाने दुसरा. साउथॅम्प्टन २-० ने जिंकला. प्रीमियर लीगमध्ये ॲडकिन्सला त्यानंतर दुसरा क्लब मिळाला नाही.